जुन्या मोटारींची थंडीतील सुरुवात आणि इंधनाची बचत : एकाच मिश्रणाचे दोन प्रश्न

कार्ब्युरेटर असलेली मोटार हिवाळ्याच्या सकाळी लवकर सुरू होत नाही आणि सुरू झाल्यावर पेट्रोल अधिक खाते, या जुन्या गाड्यांच्या मालकांच्या दोन नेहमीच्या तक्रारी आहेत. या तक्रारी स्वतंत्र समजून त्यांवर निरनिराळे उपाय केले जातात. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणात आहे. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागल्यापासून या मिश्रणाचे गणितही बदलले असून, अनेक दशकांपूर्वी आखलेल्या इंजिनांची जुळणी नव्याने तपासणे आवश्यक झाले आहे.

कोणत्या गाड्या?

भारतीय रस्त्यांवर कार्ब्युरेटरचे युग दीर्घकाळ चालले. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या दशकात सुरू केलेली अ‍ॅम्बॅसेडर, मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तयार केलेली फियाट ११०० व तिचेच १९७४ पासूनचे रूप असलेली पद्मिनी, आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्यांनी अनेक पिढ्यांना मोटार चालवण्यास शिकवले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील आदेशानंतर राजधानी क्षेत्रात कठोर उत्सर्जन मानके लागू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर नाहीसा झाला आणि त्याची जागा संगणक-नियंत्रित इंधन अंतःक्षेपणाने घेतली.

मारुती ८०० आणि अ‍ॅम्बॅसेडर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती; २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही सेवेतून बाहेर पडली. तथापि, खाजगी मालकांनी हौसेने जपलेल्या गाड्या देशाच्या सर्व भागांत आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. चॅसी, बाह्यांग अथवा इंजिन यांत मोठे फेरफार केल्यास ही संधी गमावण्याची शक्यता असते. त्यामुळे कार्ब्युरेटर काढून आधुनिक यंत्रणा बसवण्यापेक्षा आहे तोच कार्ब्युरेटर सुस्थितीत आणणे हा मार्ग अनेक मालकांना अधिक सोयीचा ठरतो.

कार्ब्युरेटर काय करतो?

इंजिनाचा दट्ट्या खाली जातो तेव्हा सिलिंडर हवा ओढून घेतो. ही हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या कमी दाबामुळे शेजारच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोल 'जेट' नावाच्या सूक्ष्म छिद्रातून वर खेचले जाते व हवेत मिसळते. फ्लोट चेंबरमधील पेट्रोलची पातळी तरंगता फ्लोट आणि त्याला जोडलेला निडल व्हॉल्व्ह कायम राखतात.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. सर्वाधिक शक्ती हवी असल्यास हे प्रमाण १२ ते १३ पर्यंत खाली आणावे लागते, म्हणजे मिश्रण 'गाढे' करावे लागते. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना ते १५ ते १६ पर्यंत नेता येते, म्हणजे मिश्रण 'विरळ' ठेवता येते. आधुनिक गाडीत हे प्रमाण संवेदक आणि संगणक क्षणोक्षणी ठरवतात. कार्ब्युरेटरमध्ये मात्र ते छिद्रांच्या आकारांवर, फ्लोटच्या पातळीवर आणि दोन-तीन स्क्रूंच्या जुळणीवर अवलंबून असते. यांपैकी एकही गोष्ट बिघडली तरी कार्ब्युरेटर ते स्वतः ओळखू शकत नाही.

थंड इंजिनाला अधिक पेट्रोल का लागते?

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ जळते. थंड इंजिनात कार्ब्युरेटरमधून निघालेल्या पेट्रोलचा मोठा भाग इनटेक मॅनिफोल्डच्या थंड भिंतींना चिकटून द्रवरूपातच राहतो आणि सिलिंडरपर्यंत अल्प वाफ पोहोचते. शिवाय स्टार्टर, ज्याला बोलीभाषेत 'सेल्फ' म्हणतात, इंजिनाला अतिशय मंद गतीने फिरवतो. त्यामुळे गळ्यातील हवेचा वेग आणि पर्यायाने पेट्रोल खेचण्याची शक्तीही कमी असते.

या दोन्ही उणिवा भरून काढण्यासाठी चोकची योजना केलेली असते. चोकची मूठ ओढली की गळ्याच्या तोंडावरील झडप मिटते, हवा कमी होते आणि शोषण वाढून पेट्रोल मोठ्या प्रमाणात येते. त्यातील हलके घटक वाफ होऊन ठिणगीने पेट घेतात. इंजिन तापू लागले की हे जादा पेट्रोल अनावश्यक ठरते, आणि अपव्यय येथूनच सुरू होतो. चोक ओढलेला राहिला तर पेट्रोल अर्धवट जळून धुराड्यातून बाहेर पडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते आणि खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. यामुळे इंधनखर्चाबरोबरच इंजिनाची झीजही वाढते.

चोकचा योग्य वापर

काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उडून गेलेले असते. अशा वेळी सेल्फ मारत राहिल्याने बॅटरी उतरते, कारण इंजिनावर चालणाऱ्या यांत्रिक पंपाला टाकीतून पेट्रोल आणण्यास वेळ लागतो. अनेक जुन्या पंपांना हाताने हलवण्याची लहान दांडी असते. ती काही वेळा हलवून फ्लोट चेंबर आधी भरून घेतल्यास पहिल्या प्रयत्नातच गाडी सुरू होण्याची शक्यता वाढते.

झडपेच्या चोकमध्ये मूठ पूर्ण ओढून अ‍ॅक्सिलरेटर एक-दोन वेळा दाबावा, जेणेकरून कार्ब्युरेटरमधील छोटा पंप थोडे पेट्रोल गळ्यात सोडेल, आणि त्यानंतर सेल्फ मारावा. सोलेक्सच्या काही जुन्या रचनांमध्ये मात्र झडप नसते. त्याऐवजी सुरुवातीसाठी स्वतंत्र जेट आणि फिरती चकती असते. तेथे सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नये. थ्रॉटल उघडल्यास या स्वतंत्र मार्गावरील शोषण नाहीसे होते आणि चोक ओढूनही उपयोग होत नाही. आपल्या गाडीत कोणती रचना आहे, याची माहिती मालकाने पुस्तिकेतून किंवा जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावी. सुरू होण्याबाबतच्या अनेक तक्रारी केवळ या माहितीच्या अभावी निर्माण होतात.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. पेट्रोलचा उग्र वास येऊ लागल्यास इंजिन 'फ्लड' झाले असे समजावे. अशा वेळी चोक पूर्ण आत ढकलावा आणि अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरून सेल्फ मारावा, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते.

गाडी सुरू झाल्यावर ती पाच-दहा मिनिटे जागेवर चालू ठेवण्याची सवय खर्चिक आहे. मोकळ्या फेऱ्यांवर इंजिन सावकाश तापते आणि तेवढा वेळ चोक ओढलेला राहतो. अर्ध्या ते एका मिनिटानंतर हलक्या पायाने गाडी मार्गस्थ करावी, चोक टप्प्याटप्प्याने आत ढकलावा आणि इंजिन अडखळत नाही याची खात्री होताच तो पूर्ण बंद करावा. चेन्नई किंवा मुंबईत हे काम बहुधा एका-दोन मिनिटांत होते. दिल्ली, चंडीगड किंवा निफाडच्या कडाक्याच्या थंडीत त्याला अधिक अवधी लागतो. चोकची तार अडकून झडप अर्धवट मिटलेली राहणे हेही पेट्रोल वाया जाण्याचे एक नेहमीचे कारण आहे. एअर फिल्टर काढून झडप प्रत्यक्ष पूर्ण उघडते का, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

दोष नेहमीच कार्ब्युरेटरचा नसतो

गाडी सुरू होत नसली की सर्वप्रथम कार्ब्युरेटर उघडला जातो. परंतु मिश्रण योग्य असूनही ठिणगी दुर्बल असल्यास परिणाम तोच होतो. थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवण्यास अधिक शक्ती लागते. सेल्फ फिरताना विद्युतदाब फार खाली गेला तर कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर बॅटरी, तिच्या तारा आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी तपासावी. गंजलेले टर्मिनल घासून स्वच्छ करण्यास काहीच खर्च येत नाही.

त्यानंतर पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरचे झाकण, प्लगच्या तारा आणि प्लग या क्रमाने तपासणी करावी. बहुतेक जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनांत पॉइंटमधील अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पॉइंट झिजले की हे अंतर बदलते आणि त्याबरोबर ठिणगीची वेळही सरकते. ठिणगी उशिरा पडू लागली तर गाडी ओढत नाही, चालक अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबतो आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. डिस्ट्रिब्युटरला जोडलेल्या व्हॅक्यूम डबीतील पडदा फाटला असेल, तर स्थिर वेगाच्या प्रवासात मिळणारी बचत पूर्णपणे हरवते. हा दोष गाडी बंद पाडत नसल्याने वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

टॅपेट फार घट्ट बसवलेले असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत आणि दाब गळतो. म्हणून कार्ब्युरेटरवर खर्च करण्यापूर्वी सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घेणे शहाणपणाचे ठरते.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

भारतातील जुन्या गाड्यांच्या बाबतीत एका सवयीचा विशेष उल्लेख आवश्यक आहे. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेक गॅरेजमध्ये दिला जात असे, आणि असंख्य गाड्या आजही त्याविना धावत आहेत. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या मार्गातील उष्णतेने उघडणारी झडप आहे. इंजिनातील पाणी साधारणतः ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापेपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन त्वरेने योग्य तापमानास पोहोचते.

थर्मोस्टॅट नसल्यास पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये फिरते. हिवाळ्यातील शहरी प्रवासात असे इंजिन पूर्ण तापतच नाही. पेट्रोलची वाफ नीट होत नाही, चोक दीर्घकाळ लागतो आणि तेलात पेट्रोल व पाणी साचते. अशा गाडीचे 'अ‍ॅव्हरेज' वाढवण्यासाठी जेट बदलणे व्यर्थ आहे. रेडिएटर स्वच्छ करून, पाण्याचा पंप व पंख्याचा पट्टा तपासून योग्य मापाचा थर्मोस्टॅट परत बसवला, तर थंडीतील सुरुवातीनंतरचे अडखळणे आणि इंधनखर्च हे दोन्ही एकाच वेळी कमी होतात. इंजिन उन्हाळ्यात खरोखरच तापत असेल, तर त्याचे कारण बहुधा क्षाराने भरलेल्या रेडिएटरमध्ये सापडते.

पेट्रोल कोठे गळते?

कार्ब्युरेटरमधील झीज ही पुढची पायरी होय. निडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला किंवा त्याचे टोक झिजले की फ्लोट चेंबरमधील पातळी वाढते आणि मिश्रण सर्वच वेगांवर गाढे होते. फ्लोटला सूक्ष्म छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरल्यासही हेच घडते. गाडी बंद केल्यावर कार्ब्युरेटर बाहेरून ओला दिसत असेल, तर तपासणीस येथूनच आरंभ करावा.

याच्या उलट, थ्रॉटलचा दांडा झिजून ढिला झाला किंवा कार्ब्युरेटरखालील गॅस्केट फाटले, तर तेथून जादा हवा शिरते आणि मोकळ्या फेऱ्यांवर मिश्रण विरळ होते. गाडी सिग्नलला बंद पडू लागते. मेकॅनिक मग स्लोचे स्क्रू फिरवून पेट्रोल आणि फेऱ्या दोन्ही वाढवतो. गाडी बंद पडत नाही, परंतु जागेवर उभी असताना ती दुप्पट खाऊ लागते. मूळ दोष हवेच्या गळतीचा असताना त्यावर पेट्रोलचा लेप देण्याचा हा प्रकार होय. नवे गॅस्केट किंवा दांड्याला नवे बुश हाच त्यावरील खरा उपाय आहे.

कार्ब्युरेटरखेरीज धूळ साचलेला एअर फिल्टर, हवा कमी असलेले टायर आणि पूर्ण न सुटणारे ड्रम ब्रेक हेही इंधन खातात. सपाट जागी गिअर काढून गाडी हाताने ढकलून पाहिल्यास ब्रेक घासत आहेत का, हे तत्काळ समजते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा किफायतशीर वेग असल्याचे सांगत आली आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा सल्ला विशेष लागू पडतो.

इथेनॉलमुळे बदललेले गणित

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झाला. १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची, म्हणजेच ई२०ची विक्री निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ मध्ये हे मिश्रण देशात सर्वत्र मिळू लागले. या पेट्रोलला पर्याय उपलब्ध ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

कार्ब्युरेटरच्या दृष्टीने इथेनॉलचे तीन गुणधर्म महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, एक किलो इथेनॉल जळण्यास केवळ ९ किलो हवा लागते. त्यामुळे ई२०साठी योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या जेटमधून ई२० वाहू लागले की मिश्रण ८ ते ९ टक्क्यांनी विरळ होते. संगणक असलेली गाडी ही तूट बहुतांशी भरून काढते, कार्ब्युरेटर भरून काढू शकत नाही. दुसरा गुणधर्म असा की, इथेनॉलच्या वाफेसाठी पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते, आणि पेट्रोलप्रमाणे त्यात सहज उडून जाणारे हलके घटक नसतात. विरळ मिश्रण आणि थंड मॅनिफोल्ड यांच्या संयोगाने सकाळची सुरुवात अधिक कठीण होते. तिसरा गुणधर्म म्हणजे, एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते.

नीती आयोगाच्या २०२१ मधील इथेनॉलविषयक आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन कार्यक्षमता ई२०मुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज देण्यात आला होता. म्हणजे लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी ११.२ च्या आसपास येईल. एवढी घट इंधनाच्या गुणधर्मामुळेच होते, हे मालकाने आधी मान्य करावे. त्याहून मोठी घट दिसत असेल, तर दोष गाडीत शोधावा.

मिश्रण विरळ झाल्याची लक्षणे ओळखता येतात. थंड असताना इंजिन अडखळते, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच कार्ब्युरेटरमधून उलटा आवाज येतो, आणि प्लगचे टोक फिकट तपकिरीऐवजी पांढरे दिसते. अशा वेळी आधी हवेची गळती नसल्याची खात्री करून मुख्य जेट एक पायरी मोठा करावा लागू शकतो. सोलेक्सच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दर्शवतो. १२० क्रमांकाऐवजी १२५ क्रमांकाचा जेट बसवल्यास छिद्राचे क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढते, म्हणजेच ई२०मुळे पडलेल्या तुटीइतके. मात्र आधीच गाढे चालणाऱ्या गाडीत हा बदल करू नये.

उंचीचाही येथे विचार करावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरील सिमल्यात हवा विरळ असल्याने त्याच जेटवर मिश्रण १० टक्क्यांच्या आसपास गाढे होते. म्हणजे कोलकात्यात ई२०वर अडखळणारी अ‍ॅम्बॅसेडर सिमल्यात जेट न बदलता नीट चालू शकते. म्हणून दुसऱ्या शहरातील गाडीचे जेट क्रमांक जसेच्या तसे उतरवून घेणे योग्य नाही.

इथेनॉल जुने रबर, कॉर्क आणि काही चिकट लेप यांना फुगवते किंवा ठिसूळ करते. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये, काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर रबराचे काही भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे स्पष्ट केले होते. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट ही इथेनॉल सहन करणाऱ्या साहित्याची असावीत. नळ्यांसाठी फ्लुओरोइलास्टोमरचा आतील थर असलेला प्रकार सुरक्षित मानला जातो. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीच्या तळाशी पाणी मिसळलेला थर जमू शकतो आणि हिवाळ्यातील पहिल्या प्रयत्नात नेमका तोच कार्ब्युरेटरमध्ये येतो. त्यामुळे अशी गाडी सुरू करण्यापूर्वी टाकीतील जुने पेट्रोल तळापासून काढून घेणे हितावह आहे.

लहान जेटचा मोह

बचतीसाठी मुख्य जेट लहान करण्याचा उपाय अनेक दशके सुचवला जात आहे. मूळ गाडी गाढ्या मिश्रणावर चालत असेल, तर त्याने काही काळ लाभ झाल्यासारखे वाटते. परंतु ई२०मुळे आधीच विरळ झालेले मिश्रण आणखी विरळ केल्यास ज्वलन मंदावते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अतिशय तापतात आणि कालांतराने जळतात. एका व्हॉल्व्हच्या दुरुस्तीसाठी सिलिंडर हेड उतरवण्याचा खर्च अनेक महिन्यांच्या वाचलेल्या पेट्रोलपेक्षा अधिक असतो. शिवाय अशी गाडी थंडीत सुरू होत नाही, चोक अधिक वेळ ओढावा लागतो आणि वाचलेले पेट्रोल तेथेच खर्ची पडते.

पेट्रोलच्या नळीला बांधावयाची चुंबके, टाकीत टाकावयाच्या गोळ्या आणि तत्सम साधनांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक इंधनबचत साधनांचे मूल्यमापन केले असून, त्यांपैकी मोजक्याच साधनांनी अल्पसा लाभ दर्शवला.

मोजल्याशिवाय बदल नको

कोणताही बदल करण्यापूर्वी गाडीचा प्रत्यक्ष खर्च मोजणे अत्यावश्यक आहे. टाकी काठोकाठ भरावी, नेहमीच्या मार्गावर किमान दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरून लागलेल्या लिटरने अंतरास भागावे. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा लाभ कशामुळे झाला, हे कळत नाही.

पीयूसी तपासणीचा कागदही मालकाच्या उपयोगी पडतो. जुन्या मानकांच्या पेट्रोल चारचाकींसाठी मोकळ्या फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. हा आकडा मर्यादेजवळ किंवा वर असेल, तर पेट्रोल वाया जात आहे असे समजावे. तो अगदी कमी असून इंजिन थरथरत असेल, तर हवेची गळती किंवा विरळ मिश्रण यांचा संशय घ्यावा. इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोक बंद असताना घेतलेलाच आकडा ग्राह्य धरावा.

जिवाशी संबंधित दक्षता

चोक ओढलेल्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड वायू सर्वाधिक प्रमाणात बाहेर पडतो. त्याला रंग किंवा वास नसतो. बंद गॅरेजमध्ये गाडी 'गरम' करत ठेवणे प्राणघातक ठरू शकते; गाडी सुरू होताच ती बाहेर काढावी. सुरू न होणाऱ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची पद्धतही तितकीच धोक्याची आहे, कारण उलट्या भडक्याने हातातील बाटलीसह पेट्रोल पेट घेऊ शकते. पेट्रोलच्या नळ्यांवर दरवर्षी बोट फिरवून भेगा व ओलसरपणा पाहावा आणि गाडीत अग्निशामक नळकांडे ठेवावे.

उपायांचा क्रम

हिवाळ्यापूर्वीच्या तपासणीचा क्रम सोपा आहे. प्रथम बॅटरी आणि ठिणगी, नंतर टॅपेट आणि कॉम्प्रेशन, त्यानंतर थर्मोस्टॅट, मग हवेची गळती आणि फ्लोटची पातळी, आणि सर्वांत शेवटी जेट व मिश्रणाचे स्क्रू. बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट केले जाते आणि स्क्रू सर्वप्रथम फिरवले जातात. या क्रमाने तपासणी केलेली गाडी नव्या मोटारीइतकी काटकसरी होणार नाही, परंतु ती सकाळी वेळेवर सुरू होईल आणि तिच्या टाकीतील पेट्रोल धुराड्याऐवजी चाकांच्या कामी येईल.